देवमासे : निरंक

सावळाराम गुरुजींचा एक नेम होता. पत्र आलं की आठ दिवसांच्या आत त्याचं उत्तर गेलं पाहिजे. मग ते भावकीतल्या लग्नाचं असो, पुण्याच्या पुस्तकवाल्याचं असो, नाहीतर पत्ता चुकून त्यांच्या दारात आलेलं असो. चुकून आलेल्या पत्रालासुद्धा ते 'आपलं पत्र माझ्याकडे आलं, क्षमस्व' असं कळवायचे, जणू चूक त्यांचीच होती. अशा माणसाकडून आयुष्यात एक पत्र राहिलं. ते हरवलं नव्हतं, आणि विसरावं म्हटलं तरी विसरता येत नव्हतं. सात वर्षं ते टेबलाच्या खणात होतं, आणि खणातून साधं पेन काढायचं झालं तरी गुरुजी दुसरीकडे बघत आत हात घालायचे.

पत्र सोपानचं होतं. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये आलेलं. सोपान म्हणजे पिंपळवंडीच्याच गेणभाऊंचा मुलगा. गेणभाऊ विहिरींना सुरुंग लावायचे. जुन्नर तालुक्यात कुठं विहिरीला खडक लागला की बार उडवायला त्यांनाच बोलावणं जायचं. मुलगा गुरुजींच्या हाताखाली हायस्कूलला होता. पुढं आयटीआय केलं, डिझेल मेकॅनिक झाला, मुंबईला गेला आणि तिथून जहाजावर. गावात कुणी समुद्राचं नाव काढलं की सोपानची आठवण निघायची.

पाकिटात चार पानं होती आणि एक कॅसेट.

'गुरुजींना सोपानचा साष्टांग नमस्कार,' असं लिहून सोपान सरळ मुद्द्यावर आला होता. 'मी हल्ली ज्या जहाजावर आहे ते माल वाहत नाही. समुद्राच्या तळाखाली तेल कुठं आहे ते शोधतं. आम्ही जहाजाच्या मागं पाण्यात हवेच्या बंदुका ओढतो. दर दहा सेकंदांनी त्या सगळ्या एकदम फुटतात. तो आवाज तळात शिरतो, खडकावर आपटून परत येतो, आणि मागं सोडलेल्या तीन-चार किलोमीटर लांब केबलमधले कान तो टिपतात. रात्रंदिवस, महिना महिना हेच. आपल्या विहिरीच्या बारासारखंच आहे, फक्त बार थांबत नाही.

'गुरुजी, तुम्ही आठवीत आम्हाला शिकवलं होतं की समुद्राच्या पोटात कायमची शांतता असते. फळ्यावर लिहून दिलं होतं, मी वहीत उतरवलं होतं. तसं नाही हो. बंदुका सुरू व्हायच्या आधी केबलमधून ऐकलं की खालून आवाज येतात. आमच्यातला एक जण म्हणाला, देवमासे आहेत, एकमेकांशी बोलतात. एकाचं बोलणं शंभर-शंभर मैलांवर जातं म्हणे.

'बंदुका लावायच्या आधी अर्धा तास दुर्बिणीनं पाणी बघायचं, मासा जवळ दिसला तर थांबायचं, असा आमच्या कंपनीचा नियम आहे. त्या पहाऱ्यावर मी असतो. सात तारखेला सकाळी मला एक देवमासा दिसला, बाजूला पिलू होतं. खालून त्याचा आवाजही येत होता. त्या सकाळचं सगळं सोबतच्या कॅसेटवर उतरवलंय. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, लांब आहे. पहिल्या बंदुका फुटल्या आणि आवाज बंद झाला. साहेब म्हणाले, बघ, गेला. मी म्हटलं, गेला की गप्प झाला? ते हसले.

'आता फेरी संपताना एक कागद भरतात. देवमासे किती दिसले? त्यात 'निरंक' लिहिलंय, म्हणजे एकही नाही. खाली आम्हा चौघांच्या सह्या पाहिजेत. वीस एप्रिलला मुंबईत लागू तेव्हा सही मागतील. नाही केली तर पुढच्या फेरीला बोलावणार नाहीत. माझे वडील एक बार उडवायचा तर चारी दिशांना हाका मारतात आणि इथं हाक मारायची कुणाला तेच कळत नाही. गुरुजी, तुम्ही पुस्तकं वाचता. तो मासा आवाज ऐकून गेला असेल की तिथंच गप्प राहिला असेल? आमच्या आवाजात आईची हाक पिलाला पोचत असेल का? आणि मी सही करू का? तुम्ही सांगाल तसं करीन. पत्ता खाली मुंबईच्या एजंटचा आहे.'

गुरुजींनी पत्र वाचलं आणि पहिल्यांदा त्यांचे कान तापले ते फळ्यावरच्या वाक्यानं. समुद्राच्या पोटात शांतता! कुठं वाचलं होतं ते? कुठंच नाही. स्वतःच्या मनानं, वर्गाला बरं वाटेल म्हणून सांगितलं होतं. आणि त्याच वर्षी, त्याच फळ्यावर, 'ध्वनीचा वेग हवेपेक्षा पाण्यात सुमारे साडेचारपट' हा तक्ताही त्यांनीच लिहिला होता. दोन वाक्यांची गाठ नोकरीच्या पंचवीस वर्षांत त्यांनी एकदाही घालून पाहिली नव्हती. ती घातली त्यांच्या विद्यार्थ्यानं, तीही लाटांवर डुलत.

घरात टेप नव्हता. दुसऱ्या दिवशी गुरुजी कॅसेट रुमालात गुंडाळून जुन्नरला महंमद हनीफच्या दुकानात गेले. हनीफ रेडिओ, टेप, पुढं टीव्हीही दुरुस्त करायचा. गुरुजींशी त्याची जुनी दोस्ती होती, कारण गुरुजी एकटेच असे गिऱ्हाईक होते की जे रेडिओ बिघडला कसा हेही विचारायचे.

"काय गुरुजी, भजनाची कॅसेट का?"

"नाही. देवमाशाची आहे."

हनीफनं चष्म्यावरून पाहिलं. "आता मासं बी गाया लागलं? उद्या त्यांचा ऑर्केस्ट्रा आणत्याल मैदानावर."

त्यानं कॅसेट लावली. खरखर, खरखर आणि मग काहीच नाही. पाच मिनिटं दोघं कान लावून बसले. गुरुजींना नेहमीप्रमाणे वाटलं की आपणच काही तरी चुकतोय. पण हनीफ स्पीकरच्या कागदावर बोट ठेवून बसला होता. "आवाज हाय," तो म्हणाला. "कागद हलतोय. लई खालचा सूर हाय, आपल्या कानाला न्हाई घावत. थांबा."

त्यानं टेप उघडला, मोटरच्या दांड्याला चिकटपट्टीचे वेढे देऊन तो जाड केला आणि पट्टा पुन्हा चढवला. आता कॅसेट दुप्पट वेगानं पळायला लागली, आणि त्या खरखरीतून एक लांब हुंकार वर आला. थांबला. पुन्हा आला, अगदी तसाच. चौथ्या हुंकारानंतर, फार दुरून, दुसऱ्याच कुणाचा तरी बारीक सूर आला. पुन्हा जवळचा. पुन्हा दूरचा. दुकानाबाहेर टेम्पोवाला भोंगा वाजवत होता, तरी दोघं हलले नाहीत.

मग धप्प. स्पीकर थरारला. धप्प. धप्प. दोन धपांच्या मध्ये खरखर होती, हुंकार नव्हता. कॅसेट उलटून लावली, दुसरी बाजू पुरी संपेपर्यंत नव्हता.

हनीफनं बटण दाबलं. "बाजाराच्या दिवशी माझी इफरा हरवली व्हती, तवा चार वर्षांची असंल," तो म्हणाला. "त्या दिवशी कसली तरी सेलची गाडी आली व्हती, वर चार कर्णे. पोरगी दोन दुकानं सोडून उभी राहून अब्बा अब्बा वरडत व्हती म्हनं. अन् मी हिकडं वरडतोय. गाडी पुढं गेली तवा घावली." त्यानं कॅसेट काढून रुमालावर ठेवली. "ही गाडी कवा पुढं जाती, गुरुजी?"

"महिना महिना चालू असते म्हणतो."

"मंग लिवा की त्याला."

"काय लिहू?"

"हेच. जे ऐकलं त्ये."

पण गुरुजींना एवढ्यानं लिहिता येत नव्हतं. त्यांना पुरावा पाहिजे होता. जुन्नरच्या वाचनालयात प्राण्यांचे दोन ग्रंथ होते. त्यांत देवमाशाची लांबी, वजन आणि चरबीचे उपयोग होते. ते पुण्याला जाऊन आले, एका ग्रंथालयात दिवसभर बसले, इंग्रजीतली तीन पानं उतरवून आणली. त्या पानांत लिहिणारे शास्त्रज्ञसुद्धा 'कदाचित' आणि 'अजून निश्चित सांगता येत नाही' याच्या पुढं गेले नव्हते. काही ठिकाणी मासे गप्प होतात, काही ठिकाणी वाट सोडून लांबून जातात, काही ठिकाणी काही होत नाही. गुरुजींना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही. एवढ्या मोठ्या माणसांना जे सांगता येत नाही ते पिंपळवंडीच्या निवृत्त मास्तरनं कसं सांगावं?

एप्रिल उजाडला. मग गुरुजींनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या स्वभावात नव्हती. पाण्याखाली काय ऐकू येतं ते आपण स्वतः ऐकून बघायचं त्यांनी ठरवलं. लहानपणी पाठीला डबा बांधून ते विहिरीत पोहायला शिकले होते. त्याला पन्नास वर्षं झाली होती. कालव्याकडेच्या मळ्यात चिमाजीची विहीर होती, तिला उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी असायचं. भर दुपारी, माणसं जेवून आडवी झाली असतील अशी वेळ बघून, गुरुजी तिथं गेले. धोतर, सदरा आणि चष्मा काठावर नीट घडी करून ठेवला, पायऱ्या उतरले, नाक धरलं आणि डोकं पाण्यात घातलं.

त्यांना वाटलं होतं काही तरी पुसट ऐकू येईल. पण चिमाजीची बंद मोटर सोडाच, दोन शेतांपलीकडची कुणाची तरी चालू मोटर त्यांच्या कवटीत येऊन बसली. घुर्र घुर्र घुर्र. कुठून येतेय ते कळेना. चारी बाजूंनी येत होती, दातांत, छातीत. वर डोकं काढलं तर दुपार, एक होला घुमत होता, बाकी शांत. पुन्हा आत, पुन्हा घुर्र. गुरुजी एखाद्या पोरासारखे वर-खाली करत राहिले. मोटर थांबली तसं खडकावर कुणी तरी पहार मारत असल्याचं ऐकू आलं, ठण, ठण, स्पष्ट. मग तेही थांबलं. गुरुजींनी मोठा श्वास घेतला आणि जास्तीत जास्त वेळ खाली राहायचं ठरवलं.

वर आले तर काठावरून एक पागोटं वाकून बघत होतं.

"कोण हाय रं पान्यात? आँ? गुरुजी?"

गेणभाऊ होते. घामानं निथळत, छातीचा भाता झालेला. हातात लाल फडकं.

"मी... जरा..." गुरुजी पायरीला धरून म्हणाले.

"अवो तीन येळा हाळी दिली! बार हाय, बार हाय म्हून घसा फोडला. पलीकडच्या मळ्यात सुरुंग भरून बसलोय. समद्यांनी 'ऐकलं' म्हून वरडून सांगितलं, ह्या अंगानं कुनाचाच आवाज न्हाई."

"मला ऐकू आलं नाही."

"पान्यात डोस्कं घातल्यावर कसं येनार? तरी बरं, आमची रीत हाय. उत्तर न्हाई आलं म्हंजी मानूस न्हाई, असं धरायचं न्हाई. जाऊन बघायचं. माझ्या बानं हेच शिकवलं. बघतो तर काठावर धोतर!" गेणभाऊंचा दम आता जरा बसला आणि ते हसायला लागले. "या वयात पव्हायचं सुचलं व्हय, राव? सूनबाईनं मोरीचं पानी बंद केलं का काय? निगा, निगा बाहीर. बार उडाला असता तर ह्या कपारीतला धोंडा डोस्क्यात आला असता."

गुरुजी ओलेत्यानं वर आले. ते चष्मा लावत असताना गेणभाऊंनी विचारलं, "सोपानचं पत्र आलं का वो तुमास्नी? लिवलंय म्हनला व्हता."

"आलंय."

"काय म्हनतोय?"

गुरुजींनी सदऱ्याची बटणं लावली. ती खालवर लागली, पुन्हा काढली. "बरा आहे म्हणतो," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांच्या हातात पुरेसं उत्तर होतं. हनीफच्या दुकानातलं होतं, विहिरीतलं होतं, आणि सर्वांत मोठं, गेणभाऊंच्या तोंडून आलेलं होतं. घरी येऊन ते लिहायलाही बसले. 'चि. सोपान यास अनेक आशीर्वाद.' पुढं? सही करू नकोस, असं लिहावं तर त्याची नोकरी जाणार. गेणभाऊंचं घर त्या नोकरीवर उभं राहत होतं, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. सही कर, असं लिहावं तर पंचवीस वर्षं वर्गात 'खरं बोलावं' म्हणून सांगितलं ते कशाला? गुरुजींनी हजेरीपटात 'निरंक' हा शब्द हजारदा लिहिला होता. शाळा तपासायला साहेब आला की गैरहजर मुलांच्या रकान्यात तो लिहायचा असतो, मग बाकं रिकामी का असेनात. तो शब्द लिहिताना आपला हात कधी थांबला होता? मग सोपानला कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यांनी अकरा कच्ची पत्रं लिहिली. एकात नुसतं शास्त्र होतं, एकात नुसता उपदेश, एकात फळ्यावरच्या वाक्याबद्दलची माफी इतकी लांबली की मूळ प्रश्न राहूनच गेला. वीस एप्रिल आली आणि गेली. त्या दिवशी गुरुजी संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना थोडं मोकळं वाटलं, आता लिहून उपयोग नाही म्हणून.

त्या दिवाळीत सोपान सुट्टीवर आला. दारात उभा राहून त्यानं हाक मारली, "गुरुजी हायेत का?" गुरुजी आतल्या खोलीत होते, धान्याच्या कणगीमागं. सून आरती बाहेर गेली तेव्हा त्यांनी तिला मान हलवून नाही म्हणून खुणावलं. "देवळात गेलेत," आरती म्हणाली. "बरं, बसतो की जरा," सोपान म्हणाला. तो ओसरीवर तासभर बसला. गुरुजींच्या घशात खोकला येत होता. त्यांनी तोंडावर उपरणं धरलं आणि तो गिळला. जाताना सोपाननं आरतीजवळ एक परदेशी पेन ठेवलं. पत्राचा विषय काढला नाही.

असं सगळं मागं पडत गेलं. सोपान वर चढत गेला. बहिणीचं लग्न झालं, घरावर पक्का स्लॅब आला, दारात मोटरसायकल आली. गुरुजींना रस्त्यात गेणभाऊ दिसले की ते दुसऱ्या आळीनं जायचे.

दोन हजार पाचच्या जानेवारीत गेणभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मात्र भेटायला जाणं भाग होतं. गेणभाऊ डोळ्याला हिरवी पट्टी लावून खाटेवर बसले होते. त्यांची बायको प्रयागबाई चहा घेऊन आली. बोलता बोलता सोपानचा विषय निघालाच.

"आता मोठा झालाय त्यो," प्रयागबाई म्हणाली. "हाताखाली आठ पोरं हायेत. समद्यांचं कागद त्योच भरतो म्हनं. नवीन पोरांना शिकवतो बी."

"काय शिकवतो?" गुरुजींनी विचारलं आणि लगेच वाटलं की विचारायला नको होतं.

"त्ये त्यालाच ठावं," गेणभाऊ म्हणाले. मग पट्टी चाचपत, "पहिल्यांदा तो लई कावला व्हता बघा, त्या मासळीच्या कागदावरनं. सही करू का नगं, सही करू का नगं. मी म्हनलं, मला अडान्याला काय इचारतो, गुरुजींना इचार. म्हनला, इचारलंय. दीड म्हैना वाट बघितली पोरानं. मुंबईला उतरल्यावर एजंटाच्या हापिसात तीनदा जाऊन आला म्हनं. मंग सही केली."

"माझं उत्तर..." गुरुजी म्हणाले.

"न्हाई आलं त्ये बरंच झालं की. त्यो म्हनला, गुरुजी कदी कुनाचं पत्र ठेवत न्हाईत. त्यांनी उत्तर दिलं न्हाई म्हंजी त्यांना बी वाटतं सही करावी, फकस्त लिवून कसं सांगायचं म्हून गप बसलेत. शानी मानसं अशीच सांगत्यात. तवापासनं त्याला काय जड ग्येलं न्हाई."

गुरुजींनी हातातली कपबशी खाली ठेवली. सात वर्षं त्यांना वाटत होतं की आपण उत्तर दिलं नाही. आणि इकडं उत्तर पोचलं होतं, अगदी वेळेवर, आणि त्यावर एक माणूस सात वर्षं चालत आला होता. वर इतर आठ जणांना त्याच वाटेनं नेत होता.

"मला त्याच्याशी बोलायचंय," ते म्हणाले.

"त्ये काय अवघड न्हाई. जहाजावरनं फोन येतो की, पंधरवड्याला, रईवारी सकाळी. या तुमी."

रविवारी गुरुजी आठ वाजता जाऊन बसले. काय बोलायचं ते त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं, चारच वाक्यं. घरात माणसं फार होती. सोपानचा फोन म्हणजे सगळ्या आळीचा फोन. नातवंडं, शेजारची लंकाबाई, तिच्या दोन सुना, सगळे फोनभोवती. दहाला घंटी वाजली. प्रयागबाईनं उचलला, पिकाचं, डोळ्याचं, म्हशीचं सांगून झालं, मग ती ओरडली, "सोपाना, गुरुजी आल्यात रं! घे, बोल!"

गुरुजींनी फोन कानाला लावला. आधी एक घोंगावणारा आवाज आला, मोठी यंत्रं चालू असल्यासारखा. मग सोपानचा, फार लांबून, बोलण्यापेक्षा अर्ध्या क्षणानं मागं येणारा. "गुरुजी! नमस्कार! कसे आहात?"

"बरा आहे. सोपान, तुझं ते पत्र..."

धप्प. फोनच्या आत. सोपानचा आवाज त्याखाली गेला.

"काय म्हणालात?"

"तुझं पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं नाही त्याचा अर्थ..."

धप्प.

"ऐकू येत नाही, गुरुजी! काम चालू आहे ना, बंदुका फुटतायत! मोठ्यानं बोला!"

मोठ्यानं. गुरुजींनी इकडं-तिकडं पाहिलं. लंकाबाई तोंडाला पदर लावून बघत होती, पोरं बघत होती, डोळ्याला पट्टी लावलेले गेणभाऊ कान टवकारून होते. गुरुजी वर्गातसुद्धा कधी ओरडले नव्हते. त्यांनी कागद उघडला आणि मनात मोजलं. दहा सेकंदांत एक वाक्य बसेल. धप्प झाला की लगेच सुरुवात करायची.

धप्प.

"मला सही मान्य नव्हती," ते भरभर म्हणाले. पण त्यांचं वाक्य तिकडं पोचेपर्यंत सोपाननं आपलं सुरू केलं होतं, आणि दोन्ही बोलणी एकमेकांवर आपटली.

"...काय मान्य? हां हां, मान्य आहे ना! मला माहीत आहे, गुरुजी! तुमचे उपकार आहेत!"

"नाही, सोपान, ऐक, तसं नाही..."

धप्प. आणि मग नुसती घरघर, आणि मग तीही नाही.

"कटला," प्रयागबाई म्हणाली. "असंच व्हतं. काय म्हनला, गुरुजी?"

सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"ऐकू आलं नाही," गुरुजी म्हणाले.

"मग वरडायचं न्हाई का वो!" लंकाबाई म्हणाली. "मास्तर असून तुमचा आवाज म्हंजी कोंबडीच्या पिल्लाचा." पोरं हसली. प्रयागबाईनं त्यांना दटावलं. पुढचा फोन पंधरा दिवसांनी, पण जहाज आता आणखी लांबच्या समुद्रात जाणार होतं, तेव्हा कदाचित तोही नाही, असं तिनं सांगितलं.

घरी आल्यावर गुरुजी टेबलाशी बसले. कच्चा मसुदा करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. खणातून सोपानचं पत्र काढलं, पुन्हा वाचलं. या वेळी त्यांना पहिल्यांदाच दिसलं की प्रश्न तीन होते आणि दोन प्रश्नांचं उत्तर 'मला माहीत नाही' एवढंच होतं. ते लिहायला एक ओळ पुरली असती.

'चि. सोपान यास अनेक आशीर्वाद.

'तुझं सात वर्षांपूर्वीचं पत्र मिळालं होतं. तो देवमासा गेला की गप्प राहिला, ते मला माहीत नाही. आईची हाक पिलाला पोचली का, तेही माहीत नाही. तेव्हा माहीत नव्हतं, आज पुस्तकं जास्त वाचली आहेत तरी माहीत नाही. तुझी कॅसेट मी जुन्नरला ऐकली. आधी दोघं बोलत होते आणि नंतर कुणीच बोलत नव्हतं, एवढं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. फळ्यावर मी लिहिलेलं वाक्य खोटं होतं. ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

'सहीबद्दल तू विचारलंस. करू नकोस, असं माझं मन म्हणत होतं. ते लिहायचं धैर्य मला झालं नाही. तुझी नोकरी गेली तर त्याचा भार मला नको होता. दिवाळीत तू आलास तेव्हा मी देवळात नव्हतो, आतल्या खोलीत होतो. मी गप्प बसलो त्याचा अर्थ तू होकार असा घेतलास हे तुझ्या वडिलांकडून परवा कळलं. तो होकार नव्हता. त्यात काहीच नव्हतं, फक्त भीती होती. त्या सहीत माझाही वाटा आहे असं समज.

'आता तू काय करावंस हे सांगायचा अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही, आणि उशीरही फार झाला आहे. पण तुझ्या हाताखाली जी पोरं आहेत त्यांना कागद भरायला शिकवताना एवढं सांग, की आवाज आला नाही, एवढंच लिहा. कुणी नव्हतं, असं लिहू नका. ते आपल्याला माहीत नसतं. तुझे वडील हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

'उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही.

'तुझा, सावळाराम.'

आरतीनं दोनदा जेवायला हाक मारली. त्यांनी पाकीट बंद केलं, गेणभाऊंकडून आणलेला एजंटाचा नवा पत्ता लिहिला. हा एजंट तिसरा होता. आधीच्या दोघांची ऑफिसं उठली होती. पत्र मुंबईहून पुढं जाईल का, गेलं तर कुठल्या बंदरात, आणि जहाज त्या बंदरात कधी लागेल, हे गेणभाऊंनाही सांगता आलं नव्हतं. "टाका तुमी," ते म्हणाले होते, "पोचलं तर पोचलं."

गावातल्या पेटीत गुरुजींनी ते टाकलं नाही. गावचा पोस्टमन पाकिटं उलटसुलट करून बघायचा आणि चहाच्या टपरीवर सांगायचा. दुसऱ्या दिवशी ते नारायणगावला चालत-रिक्षानं आणि तिथून एसटीनं मंचरला गेले, जिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पोस्टातल्या बाईनं पाकीट तोलून तिकिटं दिली. गुरुजींनी ती चिकटवली आणि पेटीशी आले. पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं घातलं आणि त्यांना वाटलं, 'तुझा' नको होतं, 'तुझा अपराधी' हवं होतं. का तेही जास्त झालं असतं? मागं एक मुलगी हातात राख्यांसारखी रंगीत पाकिटं घेऊन उभी होती. "आजोबा, टाकता ना?" ती म्हणाली.

त्यांनी बोटं सोडली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला की नाही ते त्यांना कळलं नाही, कारण तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर टेप लावून गेला. पेटीवर उघडायची वेळ साडेचार लिहिली होती. गुरुजी समोरच्या कट्ट्यावर दीड तास बसून राहिले. साडेचारला एक माणूस आला, त्यानं कुलूप काढलं, सगळी पत्रं पिशवीत ओतली आणि पिशवी सायकलला अडकवून निघून गेला. मग ते उठले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.